हरवलेलं पुस्तक आणि न उघडलेलं पुस्तक

मघाशी ओळख करून देताना आम्हा ग्रंथपालांना ‘ज्ञानभांडाराचे राखणदार’ म्हटलं गेलं. म्हणणाऱ्यांनी प्रेमानंच म्हटलं. पण आमच्या व्यवसायाचं दुखणं नेमकं त्या शब्दात आहे, तेव्हा आज त्याबद्दलच बोलू.

डॉ. रंगनाथन यांचा पाच सूत्रांचा ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. गणिताचा हा प्राध्यापक १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला, आणि भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचा पाया तिथे घातला गेला. दर वर्षी १२ ऑगस्टला आम्ही त्यांच्या तसबिरीला हार घालतो. नेट-सेटला बसणारी मुलं पाचही सूत्रं क्रमानं घडाघडा म्हणतात. पहिल्याच सूत्रात ते सांगतात की पुस्तक असतं ते वापरण्यासाठी. आणि ते पटवून देताना जुन्या युरोपातल्या, साखळीनं फळीला बांधून ठेवलेल्या पुस्तकांची हकीकत सांगतात. ती वाचताना आपल्याला हसू येतं.

हसू नये, असं आमचं मत आहे. साखळ्या गेल्या, पण लोखंडी कपाटं आली आणि त्यांच्या किल्ल्यांचा जुडगा ग्रंथपालाच्या खणात आला. हा जुडगा आमच्याकडे का असतो? आम्ही खडूस आहोत म्हणून? काही आहेत, नाही असं नाही. पण खरं कारण वार्षिक पडताळणीत आहे.

आमच्याच उमेदवारीच्या काळातली गोष्ट. एका महाविद्यालयात (नाव राहू द्या) पडताळणीत काही पुस्तकं सापडली नाहीत. स्पर्धा परीक्षांची, मुलांच्या हातात सतत फिरणारी पुस्तकं होती ती. आमच्या वरिष्ठांकडून त्यांची किंमत पगारातून कापून घेतली गेली. पुढच्या आठवड्यात मुक्तप्रवेश बंद. मुलांनी चिठ्ठीवर नाव लिहायचं, शिपाई पुस्तक आणून देणार. त्या वर्षी एकही पुस्तक हरवलं नाही आणि अहवालात वरिष्ठांचं कौतुक झालं. देवघेवीची वही मात्र अर्ध्यावर आली. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, कारण त्याचा रकानाच नव्हता.

यात गंमत अशी की नियम इतका कठोर नाहीच. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत, म्हणजे २०१७ च्या आवृत्तीतही, स्पष्ट म्हटलं आहे की वर्षभरात वापरल्या गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच हरवले तर ते वाजवी समजावं. अट एवढीच की त्यात अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नको. हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मिळ पुस्तक गेलं तर चौकशी करा. नीट बघा, प्रमाण वापराशी बांधलेलं आहे, साठ्याशी नाही. जितकं जास्त वाचलं जाईल तितकी सूट जास्त! हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, हे मान्य. पण त्यामागचा विचार आमच्या किती संस्थाचालकांनी ऐकलाय? आणि किती ग्रंथपालांनी तो त्यांच्यापुढे ठेवलाय? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त लाजिरवाणं आहे.

सार्वजनिक वाचनालयांत हेच दुखणं उलट्या बाजूनं दिसतं. १९६७ च्या कायद्याखाली महाराष्ट्रात अ, ब, क, ड असे दर्जे आहेत, दर्जावर अनुदान आहे, आणि दर्जासाठी ग्रंथसंख्या लागते. मग वाळवी लागलेली, पानं सुटलेली, कालबाह्य झालेली पुस्तकं निर्लेखित करायला कार्यकारिणी धजत नाही. आकडा खाली आला तर? गावातली बाई नवी कादंबरी मागते, तिला फळीवर तीस वर्षांपूर्वीचं आयकर मार्गदर्शक दिसतं.

आता कुणी म्हणेल, हल्ली वापरही मोजतात की. मोजतात. नॅकच्या तपासणीत रोज किती विद्यार्थी-प्राध्यापक ग्रंथालयात आले ते विचारतात. म्हणून दारात वही ठेवली जाते. मुलगा सही करतो, घरून आणलेली एमपीएससीची पुस्तकं उघडतो, संध्याकाळपर्यंत अभ्यासिकेत बसतो. जागा मिळाली हे चांगलंच झालं, खोलीभर भावंडांत त्याला घरी कुठे मिळणार? पण आमच्या एकाही पुस्तकाला त्याचा हात लागलेला नसतो, आणि तरी तो आमच्या वापरात धरला जातो.

तर आमचं सांगणं तरुण ग्रंथपालांना आहे. पडताळणीत हरवलेल्यांची यादी द्यावीच लागते. तिला जोडून दुसरी यादी द्या: गेल्या दहा वर्षांत एकदाही घरी न गेलेली पुस्तकं. सोल असो की कोहा, देवघेवीच्या नोंदी नीट ठेवल्या असतील तर ही यादी काढायला अर्धा दिवससुद्धा लागत नाही. आम्ही पहिल्यांदा दिली तेव्हा प्राचार्यांनी विचारलं, “ही कशाला?” आम्ही म्हटलं, “सर, हीपण हरवलेलीच आहेत, फक्त कपाटात आहेत.” ते काही बोलले नाहीत. यादी मात्र त्यांनी ठेवून घेतली, आणि पुढच्या खरेदी समितीच्या बैठकीत स्वतःहून टेबलावर आणली.

वेळ संपत आली आहे. मागे बसलेल्या ताईंनी बराच वेळ हात वर केलाय, त्यांचा प्रश्न आधी घेऊ.