कागदी हत्ती आणि भाज्याचा हत्ती

दिवाळींत आमच्या घरीं मुलांनीं लोहगडाचा किल्ला केला. मावळे मातीचे चालले, परंतु हत्ती कागदाचाच हवा, असा नऊ वर्षांच्या भाचीचा हट्ट पडला; म्हणून बाजारांतून कापून चिकटवावयाच्या छापील तुकड्यांचा एक संच आणला. तीन दिवसांच्या संध्याकाळी खर्चीं पडल्यावर जें उभें राहिलें त्याच्या सुरकुत्या, नखें, पापण्यासुद्धां यथास्थित होत्या. हत्तीपण मात्र कोठें नव्हतें. “मामा, हा पोत्यासारखा कां दिसतो?” एवढें विचारून भाचीनें कात्री जी खालीं ठेवली ती पुन्हा उचलली नाहीं. चार दिवसांपूर्वीं जिला कागदाचा कपटाही टाकवत नव्हता, तिनें “मला येत नाहीं” म्हणावें, हें आम्हांस क्षुल्लक वाटलें नाहीं. दोष तिचा नव्हे, तिला ज्या वाटेनें नेलें त्या वाटेचा होता.

ज्या लोहगडाची नक्कल अंगणांत उभी होती, त्याच्या व विसापुराच्या पायथ्याशीं भाजें गांव आहे. पुढच्या रविवारीं भाचीस घेऊन आम्ही मळवली स्टेशनावर उतरलों आणि लेण्यांपर्यंत चढून गेलों. येथील बावीस लेण्यांत इ. स. पूर्वीं दुसऱ्या शतकांतील चैत्यगृहाची कीर्ति मोठी, व ती योग्यच आहे. आंतील अष्टकोनी खांब किंचित् आंत कललेले आहेत. लाकडी घरांत छपराचा रेटा पेलावयास अशा कललेल्या खांबांचा उपयोग. सलग कातळांत त्याची मुळींच गरज नव्हती. कारागिरांच्या हाताला लाकडाची संवय, म्हणून दगडानेंही लाकडाचें सोंग घेतलें. तेवढ्यानें समाधान न होऊन कमानदार छताला खऱ्या लाकडी फासळ्या बसविल्या, त्या आजही तेथें दिसतात. सोंग सुंदर आहे, परंतु तें सोंग आहे.

पुढें एका विहाराच्या ओसरींत निराळाच प्रकार दिसतो. दाराच्या एका बाजूस चार घोड्यांच्या रथांत बसलेला पुरुष, दुसऱ्या बाजूस हत्तीवर आरूढ झालेला. पुष्कळ विद्वान् यांना सूर्य व इंद्र मानतात, कांहींना तें मान्य नाहीं; तो वाद येथें नको. हत्ती पाहावा. त्यानें सोंडेंत मुळासकट उपटलेलें झाड धरलें आहे, आणि खालचीं माणसें त्याच्यापुढें अगदींच चिमुकलीं आहेत. दगड झिजून बारकावे पुसट झाले, तरी हत्ती पटतो. कारण शिल्पकारानें अंगाचा भार आणि सोंडेचें कर्तृत्व या दोन गोष्टी आधीं पकडल्या. दगडाला जें साधतें तेंच त्यानें मागितलें. भाची बराच वेळ पाहत राहिली व म्हणाली, “याला पापण्या नाहींत.”

छापील संचाचें वैगुण्य नेमकें येथें आहे. त्यानें हात स्थिर होतो, चिकाटी येते, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु प्राण्याकडे पाहून काय घ्यावें व काय सोडावें हा सारा विचार दुसऱ्यानेंच करून ठेवलेला असतो. मुलाच्या वांट्यास आज्ञापालन उरतें. शिवाय कागदाला कागद राहूं द्यावयाचें नाहीं, त्याला कातडें करावयाचें, हा त्यामागचा हव्यास.

घडीकामाची परंपरा याहून निकोप आहे. मद्रासेस १८९३ सालीं टी. सुंदर राव यांनीं कागदाच्या घड्यांतून भूमिति शिकविणारें पुस्तक इंग्रजींत लिहिलें. जपानांत अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांनीं कागद किंचित् ओलावून घडीला गोलाई आणली व तिला शिल्पाची योग्यता दिली. पुण्यास अरविंद गुप्ता यांनीं टाकाऊ कागदांतून खेळणीं करण्याचा नाद असंख्य मुलांना लावला. तरीसुद्धां नवशिक्यानें प्राण्यांचा आरंभ अवघड घडीनें करूं नये, असें आमचें मत आहे. पन्नासावी घडी चुकली कीं पहिल्या एकूणपन्नास व्यर्थ, आणि लक्ष सारें क्रमाकडे; प्राणी बाजूस राहतो.

आरंभ एका घडीनें व एका कात्रीनें करावा. दर चौरस मीटरला १६० ते २०० ग्रॅम वजनाचा साधा, एकरंगी कार्डकागद घ्यावा. तो दोन्ही दिशांनीं हलकेच वांकवून पाहावा. ज्या दिशेनें निमूटपणें वांकेल त्या दिशेनें घडी घातल्यास ती फाटत नाहीं. पट्टी धरून रिकाम्या बॉलपेनानें आधीं रेघ दाबावी. घडी ही हत्तीची पाठ. तिच्याखालीं अंगाची बाजू काढून, पायांमधली कमान दोन्ही पदरांतून एकदम कापावी. पाय आंखूड व जाड ठेवावे; उंच केल्यास तो वासरूं होतो, हा आमचा दोन वेळांचा अनुभव. डोकें निराळें कापून मानेपाशीं चीर देऊन अडकवावें, सोंड पेन्सिलीवर गुंडाळून सोडावी. हत्ती पुढें कलंडूं लागला तर डोकें मोठें झालें असें समजावें. पायांना पुठ्ठा चिकटवून त्यास उभा करणें ही लबाडी होय. खळीचें काम जवळजवळ पडत नाहीं.

भाज्याहून परतल्यावर भाचीनें असे चार हत्ती केले. तीन पडले. चौथा तुळशीबागेंतल्या मातीच्या वाघाशेजारीं किल्ल्यावर उभा राहिला. त्याच्या सोंडेंत तिनें अंगणांतली दूर्वा मुळासकट उपटून दिली होती. त्याला डोळे काढलेले नाहींत. ते काढावे कीं नाहीं, याविषयीं घरांत अद्यापि मतभेद आहे.