बजेटात नसलेला रकाना

मराठी चित्रपटाचं बजेट कागदावर मांडलेलं पाहिलं की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. कॅमेऱ्याचं भाडं दिवसागणिक लिहिलेलं असतं. जनरेटरचं डिझेल वेगळं, जेवणाची ताटं नाश्त्यासकट मोजलेली, गर्दीतल्या माणसांची हजेरी वेगळी. लेखनाला मात्र एकच ओळ, 'कथा-पटकथा-संवाद', आणि तिच्यापुढे एक ठोक आकडा. तो लहान की मोठा हे सोडून देऊ. पण ते पैसे कधी द्यायचे, किती खर्ड्यांचे द्यायचे, शूटिंग लागलंच नाही तर काय, या प्रश्नांना त्या तक्त्यात जागाच नसते. कोल्हापूरला आपण हौसेने कलापूर म्हणतो, बाबूराव पेंटर-भालजी पेंढारकरांच्या तसबिरींना हार घालतो आणि इथल्या पटकथेला उतरती कळा का लागली याची चर्चा प्रतिभेच्या भाषेत करतो. मला ती चर्चा पटत नाही. इथला सिनेमा शंभर वर्षं बहुतांशी साहित्याच्या तयार ठेवीवर जगला. पटकथा घडायला जो वेळ लागतो तो विकत घेण्याची सवय या धंद्याला फारशी लागलीच नाही.

बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२५ साली 'सावकारी पाश' काढला. मूकपटाच्या त्या काळातही त्याची कथा नारायण हरी आपट्यांची होती. कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच 'प्रभात' सुरू केली. १९३३ मध्ये ती पुण्याला गेली आणि तिथेही आपटेच कामी आले. 'भाग्यश्री'वरून 'अमृतमंथन' झाला, 'न पटणारी गोष्ट'वरून १९३७ चा 'कुंकू'. चित्रपट थोर आहेत, वाद नाही. पण व्यवहाराच्या नजरेने पाहिलं तर कादंबरी रचण्यात गेलेले महिने हे लेखकाचं स्वतःचं भांडवल होतं. पात्रं उभी राहिली होती, वाचकांनी ती पसंत केली होती. निर्मात्याच्या हाती आला तो पारखून घेतलेला माल.

याला कोल्हापुरातला ठळक अपवाद 'हंस'चा. १९३६ साली मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि पांडुरंग नाईक यांनी 'हंस पिक्चर्स' उभी केली आणि पहिल्याच 'छाया'साठी वि. स. खांडेकरांना लिहितं केलं. पुढे 'ज्वाला', 'देवता', 'अमृत' ही मालिका झाली. १९३८ मध्ये खांडेकर शिरोड्याची शाळामास्तरकी सोडून कोल्हापुरात राहायला आले, त्यात या चित्रपटलेखनाचा वाटा मोठा होता. त्याच सुमाराला आचार्य अत्र्यांनी 'ब्रह्मचारी' आणि 'ब्रँडीची बाटली' विनायकांसाठी लिहिले. दोन टोकांचे दोन लेखक, एक दिग्दर्शक आणि एका चित्रपटामागे दुसऱ्याची खात्री. ही खात्री मला मानधनाच्या आकड्यापेक्षा मोलाची वाटते. पुढचं काम ठरलेलं असेल तरच लेखक आजचा प्रसंग फाडून पुन्हा लिहायला धजतो. ही घडी टिकली जेमतेम चार वर्षं. १९४० मध्ये 'हंस'चं 'नवयुग'मध्ये रूपांतर झालं, विनायक तिथूनही बाहेर पडले, 'प्रफुल्ल' काढून मुंबईला गेले आणि १९४७ मध्ये वारले.

त्या चार वर्षांतून लेखकांनी काढलेले दोन मार्ग आजही तसेच आहेत. खांडेकरांनी चित्रपट जोडधंद्यासारखा ठेवला. मूळ घर कादंबरीचं, आणि त्या घराला १९७४ चं ज्ञानपीठही लाभलं. अत्र्यांनी उलट केलं. दुसऱ्याच्या कंपनीत आपल्या शब्दाचं काय होतं हे पाहून त्यांनी स्वतःचीच कंपनी काढली. 'पायाची दासी' तिथला, आणि पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणारा १९५३ चा 'श्यामची आई'ही त्यांनी स्वतःच काढलेला. अत्र्यांना ते जमलं, कारण त्यांच्यापाशी वर्तमानपत्र होतं, व्यासपीठ होतं आणि भांडायची हौस होती. सगळ्यांपाशी हे कुठून असणार?

तिसरी वाट दिग्दर्शकाच्या खुर्चीकडे जाणारी. विनायकांच्या हाताखाली तयार झालेले दिनकर द. पाटील १९४७ मध्ये 'जय मल्हार' घेऊन दिग्दर्शक झाले, आणि भालजी तर लेखक, दिग्दर्शक, निर्माता सगळं एकटेच होते. आजच्या मराठीत ज्यांचं नाव निघतं त्यांतले बरेच 'लेखक-दिग्दर्शक' असतात याचं आपण कौतुक करतो. त्यात थोडी गफलत आहे. कित्येकदा ती कलेची भूक नसते, आपलं पान शाबूत ठेवायचा तेवढाच उपाय उरलेला असतो. नतीजा असा की चांगले लेखक बेतास बात दिग्दर्शक होतात आणि निव्वळ पटकथाकार म्हणून पोट भरणारा माणूस दुर्मीळ होतो. 'देऊळ'च्या संवादांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे गिरीश कुलकर्णी लोकांना आठवतात ते नट म्हणून. हेही बोलकंच आहे.

साठ-सत्तरच्या दशकांत पट्टणकोडोलीचे शंकर पाटील चित्रपटाला मिळाले तेव्हा ग्रामीण कथेचा तयार कान घेऊनच आले. 'एक गाव बारा भानगडी', 'पिंजरा' या चित्रपटांतलं बोलणं ऐकताना तो कान जाणवतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या मातीचे म्हणून जे दोन चित्रपट मी कुणालाही बिनधास्त दाखवीन ते 'जोगवा' आणि 'नटरंग'. 'नटरंग'च्या पाठीशी कागलच्या आनंद यादवांची १९८० ची कादंबरी आहे. 'जोगवा'च्या पाठीशी राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' आहेत. 'जोगवा' लिहिताना संजय कृष्णाजी पाटलांनी दोन कादंबऱ्यांतली माणसं एका प्रेमकथेत आणून बसवली. हे काम नुसत्या 'रूपांतर' या शब्दात मावत नाही. आशयाची दाहकता गवसांची, पण जोगत्या आणि जोगतीण यांना समोरासमोर आणून चित्रपटाला जो कणा मिळाला तो पटकथेचा. एवढ्या कामाचं दाम कोणी आधी मोजायचं, हाच तर सवाल आहे. कादंबरी हाती असली की निर्मात्याला निदान काय विकत घेतोय ते दिसतं. कोऱ्या कल्पनेपासून निघालेल्या पटकथेत त्याला फक्त जोखीम दिसते.

ही जोखीम मग गपचूप लेखकाच्या खांद्यावर सरकते. कशी, ते राजारामपुरीतल्या कुठल्याही हॉटेलात दुपारी बसून पाहता येईल. समोर पैसे घालू पाहणारा गृहस्थ, बांधकामातला नाहीतर सराफीतला. लेखक दोन तास गोष्ट ऐकवतो, हातवारे करून, गाण्यांच्या जागांसकट. चहाचे दोन फेरे होतात. गृहस्थ खूश. म्हणतात, "एक नंबर, सर! आता जरा लिहून आणा की." फसवणुकीचा हेतू बहुतेक वेळा नसतो. पण त्या 'लिहून आणा'पासून तीन-चार महिन्यांचं फुकट काम सुरू होतं. लेखकाने आगाऊ रकमेचा विषय काढला तर उत्तर ठरलेलं: "आधी पिक्चर उभा राहू दे, मग तुमचं बघतो." आणि लेखकालाही पैशाचं बोलायला संकोच वाटतो. कोल्हापुरी माणूस शब्दाला जागतो, ही आपली आवडती समजूत. जागतही असेल. पण शब्द देणारा आणि पैसा लावणारा दरवेळी एकच माणूस नसतो. मध्येच भागीदार बदलतो, फायनान्सर नवा येतो, आणि नव्याला जुन्या शब्दाचं सोयरसुतक नसतं.

गंमत अशी की कायदा लेखकाच्या बाजूने बराच पुढे गेलेला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्काचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असल्याशिवाय ग्राह्यच नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. निर्मात्याने हक्क घेऊन वर्षभरात वापरले नाहीत आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर ते हक्क लेखकाकडे परत येतात. म्हणून तर मुंबईहून येणाऱ्या इंग्रजी करारात 'सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात' अशी लांबलचक शब्दयोजना असते. विश्वाचा उल्लेख वाचून आपण हसतो आणि सही करतो. ते वाक्य तिथे आहे ते नेमकं या कलमांनी दिलेलं संरक्षण काढून घेण्यासाठी. विश्व हवं तर देऊन टाकावं, वर्ष मात्र सोडू नये. 'चोवीस महिन्यांत चित्रीकरण सुरू न झाल्यास पटकथा लेखकाकडे परत' एवढी एक ओळ मागून घेतली तरी पुढच्या दोन निर्मात्यांची दारं उघडी राहतात.

२०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक मोठी गोष्ट केली. चित्रपटगृहातल्या प्रदर्शनाखेरीज इतर वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला लेखकाचा बरोबरीचा वाटा करारानेही काढून घेता येत नाही. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत यासाठी नेट लावला होता. गीतकारांना आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेमार्फत त्याची फळं दिसू लागली. पटकथाकारांपर्यंत मात्र तो ओघ अजून नीट पोचलेला नाही. आमचे गीतकार जगदीश खेबुडकर २०११ च्या मे महिन्यात गेले. दुरुस्ती आली त्यानंतर वर्षाने.

कायद्याची दुसरी बाजूही लेखकांनी समजून घ्यायला हवी, कारण तिथे आपल्याकडे भलत्याच कल्पना आहेत. 'माझी आयडिया चोरली' ही तक्रार दर दोन महिन्यांनी कानावर येते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट करून ठेवलंय की कल्पनेवर कुणाची मालकी नसते, मालकी असते ती मांडणीवर. 'कुस्तीगीर बाप आणि शिकलेली मुलगी' ही कल्पना गंगावेशीतल्या कुणाचीही असू शकते. प्रसंगांची माळ, पात्रांचे तपशील, संवाद कागदावर उतरले की मगच ती तुमची. म्हणून ऐकवण्याआधी लिहावं, आणि लिहिलेलं मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन नोंदवावं. या नोंदणीने मालकी मिळत नाही, ती लिहिल्याक्षणीच मिळालेली असते. नोंदणी अमुक तारखेला हे माझ्यापाशी होतं, याचा पुरावा देते. शीर्षकाची गोष्ट आणखी वेगळी. ते चित्रपट महामंडळाकडे निर्माता नोंदवतो. नावाच्या मोहात पडून लेखकाने ते आधी जाहीर करू नये, इतकंच.

मालिकांचं काय? मोरेवाडीच्या चित्रनगरीत आता पुन्हा दिवे लागतात. 'दख्खनचा राजा जोतिबा' तिथे उभी राहिली. 'तुझ्यात जीव रंगला'ने वसगडे गाव घराघरांत नेलं. कॅमेरा इथे असला तरी लेखनाचे व्यवहार मुंबईत ठरतात. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, पैसे एपिसोडमागे आणि हक्क वाहिनीचे. पैसा नियमित, हे खरं, आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोरासाठी ते थोडं नाही. पण इथल्या तरुणाला त्यात सहसा मिळतं ते 'बोली बघून द्या' एवढं काम. दुसऱ्याने लिहिलेल्या 'करतोय'चं 'करतोय की' करायचं, चार शिव्या सौम्य करायच्या, म्हणींची फोडणी घालायची. या कामाला नाव नाही, श्रेयनामावलीत ओळ नाही. मला हे अपमानास्पद वाटतं, आणि पडद्यावर त्याचे परिणामही दिसतात. पात्र कोल्हापुरी बोलतं, वागतं मात्र कुठल्याही गावच्या माणसासारखं. बोली ही शेवटी शिंपडायची चीज झाली. माणूस विचार कसा करतो, अडचणीत पडल्यावर कुणाकडे आधी जातो, बायकोसमोर गप्प का बसतो, हे पटकथेच्या पातळीवर ठरतं, आणि त्या पातळीवर इथला लेखक खोलीत नसतो.

सरकारी अनुदानाचाही इथे विचार हवा. अ दर्जाच्या मराठी चित्रपटाला ४० लाख, ब दर्जाला ३० लाख, हे आकडे गावोगावच्या होतकरू निर्मात्यांना तोंडपाठ असतात. पैसा मिळतो तो चित्रपट पुरा होऊन परीक्षण झाल्यावर, आणि निर्मात्याला. म्हणजे चित्रपट कसाबसा पुरा करण्याला उत्तेजन आहे, लिहिण्यात सहा महिने जास्त घालवण्याला नाही. त्या रकमेतला छोटा हिस्सा पटकथेच्या टप्प्यावर, थेट लेखकाच्या खात्यात, खर्डा पाहून दिला तर काय होईल, हे कुणीतरी करून बघायला हवं. दहा पटकथांतल्या आठ वाया जातील. जाऊ द्यात. पडद्यावर जाऊन वाया जाण्यापेक्षा ते स्वस्त.

तोवर एक काम मात्र उद्या करता येण्याजोगं आहे. अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचं मुख्यालय याच शहरात आहे. भालजींच्या पिढीने उभं केलेलं हे घर निवडणुकांच्या हाणामाऱ्यांसाठी बातम्यांत येतं, तेवढंच. स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे नमुना करार आहेत, पण ते वकिली इंग्रजीत. महामंडळाने लेखकासाठी साध्या मराठीत दोन पानी करार छापावा आणि शीर्षक नोंदवायला येणाऱ्या प्रत्येक निर्मात्याच्या अर्जाला तो जोडावा. त्यात पाच गोष्टी पुरेत: सहीच्या दिवशी किती, कथासार दिल्यावर किती, पहिल्या खर्ड्याला किती, त्यापुढच्या प्रत्येक फेरलेखनाला किती, आणि पडद्यावर नाव कुठे, कुणाच्या आधी. मुदत संपल्यावर हक्क परत येण्याची ओळ छापीलच असावी, म्हणजे ती मागायला लेखकाला ओशाळावं लागणार नाही. निर्माता खोडू पाहील तर त्याला समोर बसून खोडावी लागेल, आणि का खोडली ते सांगावं लागेल.