तुटक रेघ कोणी मारायची? संयुक्त आकृत्यांचं क्षेत्रफळ आणि आपली शिकवण्याची पद्धत

आजचा विषय सहावी ते आठवीच्या गणितातला आहे आणि तो सोपा समजला जातो. आयताला त्रिकोण चिकटलेला, चौरसावर अर्धवर्तुळ बसवलेलं, बागेभोवती रस्ता काढलेला, अशा आकृतीचं क्षेत्रफळ काढायचं. तुकडे करा, सूत्रं लावा, बेरीज करा, झालं. आमचं म्हणणं असं की, या 'झालं'मध्येच खरी गोम आहे.

एक आकृती घेऊ. वहीत काढा, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. १० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद आयत. त्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातून ४ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद असा तुकडा कापून टाका. इंग्रजी एल अक्षरासारखी खोली उरते. आडवी कापली तर १० × ५ आणि ६ × ३, म्हणजे ५० आणि १८, एकूण ६८ चौरस मीटर. उभी कापली तर ६ × ८ आणि ४ × ५, म्हणजे ४८ आणि २०, पुन्हा ६८. आणि न कापता, पूर्ण आयतातून कोपरा वजा केला तर ८० वजा १२, तेही ६८.

तीन वाटा आणि उत्तर एक. हे असं का होतं, हा या धड्याचा गाभा आहे. आकृतीचे तुकडे एकमेकांवर चढले नाहीत आणि मध्ये फट राहिली नाही, तर कसेही कापा, बेरीज बदलत नाही. क्षेत्रफळाची सगळी सूत्रं याच गोष्टीवर उभी आहेत. पण वर्गात काय होतं? पुस्तकातल्या आकृतीत बहुतेक वेळा तुटक रेघ आधीच मारलेली असते. कुठे कापायचं हे ठरलेलं असतं. मुलाच्या वाट्याला उरतो फक्त गुणाकार. म्हणजे विचार करायची जी एकच जागा होती, ती आपणच भरून टाकतो आणि वर म्हणतो, मुलं विचार करत नाहीत!

आता चूक कशी होते ते बघा. तुटक रेघ नसली की पुष्कळ मुलं १० × ५ आणि ६ × ८ घेतात. ५० अधिक ४८, उत्तर ९८. आपण लाल पेनानं फुली मारतो आणि पुढे जातो. पण थांबून विचारायला हवं: बाळा, पूर्ण आयतच ८० चा आहे, त्यातून कोपरा गेला, मग उरलेली खोली ९८ ची कशी? मूल स्वतःच बघेल की ६ × ५ चा तुकडा दोनदा मोजला गेला. ते ३० वजा केले की ६८ हाती येतात. म्हणजे ते ९८ चुकीचं असलं तरी फुकट नव्हतं, अर्धी वाट चालून झाली होती. बागेतल्या एकमेकांना छेदणाऱ्या दोन रस्त्यांच्या गणितात हीच चूक होते, चौकातला चौरस दोनदा मोजला जातो. एकदा कारण समजलं की दोन्हीकडे उपयोगी पडतं.

आणखी एक गंमत याच खोलीत आहे. कोपरा कापल्यावर क्षेत्रफळ १२ नं घटलं. परिमिती? ती होती तशीच, ३६ मीटर. हा प्रश्न विचारला की क्षेत्रफळ आणि परिमिती यांच्यातला गोंधळ व्याख्या पाठ न करता सुटायला लागतो.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, ठीक आहे, शाळेतलं गणित आहे, एवढं काय त्यात? म्हणून जमिनीकडे येऊ. आपल्याकडे गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस, १०८९ चौरस फूट, आणि ४० गुंठ्यांचा एकर. पण शेत काही चौरस नसतं. चार बाजू चार मापांच्या असतात. अशा वेळी एक सोयीचा हिशेब केला जातो: समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासरींचा गुणाकार करायचा. ही रीत फार जुनी आहे. ब्रह्मगुप्तानं ६२८ साली ती नोंदवली, पण तिला 'स्थूल' म्हणूनच, आणि शेजारी सूक्ष्म रीत दिली.

हिशेब करून बघू. तुकड्याच्या बाजू क्रमानं १५, २०, २४ आणि ७ मीटर. सरासरीनं १९.५ गुणिले १३.५, म्हणजे २६३.२५ चौरस मीटर. आता कर्ण मोजा. तो २५ मीटर निघाला तर दोन काटकोन त्रिकोण मिळतात, क्षेत्रफळं १५० आणि ८४, एकूण २३४. फरक सव्वाएकोणतीस चौरस मीटरचा, पाव गुंठ्याहून जास्त. विकत घेणाऱ्यानं त्या नसलेल्या जमिनीचे पैसे मोजले! आणि कर्ण २२ मीटर निघाला तर? बाजू त्याच, पण क्षेत्रफळ सुमारे २२२. या चार बाजूंनी २३४ पेक्षा मोठा चौकोन होऊच शकत नाही. सरासरीची रीत जे उत्तर देते, तसा तुकडा पृथ्वीवर नाही.

म्हणजे चार बाजूंनी चौकोन ठरतच नाही. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त यावर फार कडक शब्द वापरले आहेत. लंब किंवा कर्ण न सांगता चौकोनाचं नेमकं क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच म्हटलं आहे, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून वाईट. साडेआठशे वर्षांपूर्वीची ही टीका आपल्या प्रश्नपत्रिकांनाही लागू पडते, कारण आपण मुलांना हवी तेवढीच मापं देतो. कमी नाही, जास्त नाही. कोणतं माप लागेल हे ठरवायची वेळच त्यांच्यावर येत नाही.

पुस्तकांना सरसकट दोष देऊन चालणार नाही. २०१८ साली आलेल्या बालभारतीच्या आठवीच्या पुस्तकात हेरॉनचं सूत्र आहे, आणि वेड्यावाकड्या जागेचे त्रिकोण व समलंब चौकोन पाडून क्षेत्रफळ काढणंही आहे. ही चांगली गोष्ट आहे. आमची तक्रार एवढीच की, तिथेही रेघा आणि मापं तयार मिळतात. शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम संपवायचा असतो, वर्गात साठ मुलं असतात. हे खरं आहे, आम्ही ते नाकारत नाही. पण आम्ही जास्त गणितं मागत नाही, उलट कमी मागतो. दहा आकृत्यांऐवजी तीन घ्या. एकीतली तुटक रेघ पुसा आणि दोन रीतींनी सोडवून घ्या. दुसरीत मापं देऊच नका, 'कोणती मापं हवीत ते मागा' म्हणा. आणि तिसरी आकृती शाळेच्या मैदानावर दोरीनं आखा, टेप मुलांच्या हातात द्या. कर्ण मोजायचं कोणाच्या लक्षात येतं ते गुपचूप बघा.

सातबाऱ्यावर हेक्टर, आर असा जो आकडा असतो, तो कोणीतरी तुकडे पाडून, मोजून, बेरीज करून आलेला असतो. उद्या आपल्याच मुलांना तो आकडा वाचायचा आहे, तपासायचा आहे, कधी भावकीत त्यावरून बोलायचंही आहे. तेव्हा तुटक रेघ मारून द्यायला तिथे कोणी नसेल. ती मारायची सवय सातवीतच लागलेली बरी.