असीम आणि अप्रमाण

हुपरी हे तोलामापाचे गाव आहे. पैंजण, वाळे, जोडवी घडविणाऱ्या या गावात चांदी कारागिराच्या हाती देताना तोलली जाते आणि दागिना होऊन परत येतानाही तोलली जाते; मधली तूट कोणाच्या माथी मारायची, हा तेथील नित्याचा वाद. याच परिसरातील एका विहारात नव्या बुद्धमूर्तीची उंची ठरविण्याच्या बैठकीस आम्ही उपस्थित होतो. कोणी नऊ फूट म्हणाले, कोणी पंधरा. एका तरुण उपासकाने युक्तिवाद केला : नटराजाच्या नृत्यात सारे विश्व सामावते असे पुस्तके सांगतात, विश्वरूपाला तर अंतच नाही, मग आपल्या तथागतांची मूर्ती लहान का असावी? प्रश्न प्रामाणिक होता. त्याचे उत्तर आम्हास तेथे नीट देता आले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

या युक्तिवादामागे एक जुना संस्कार आहे. आनंद कुमारस्वामी यांचा 'द डान्स ऑफ शिव' हा निबंधसंग्रह १९१८ साली प्रसिद्ध झाला आणि नटराज म्हणजे विश्वाच्या अखंड गतीचे प्रतीक, हे विवेचन जगभर मान्यता पावले. २००४ साली जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेच्या आवारातही भारताने भेट दिलेली नटराजमूर्ती उभी राहिली. विवेचन देखणे आहे, याबद्दल वाद नाही. परंतु त्यातून 'भारतीय कला म्हणजे अनंताचा शोध' असे सरसकट सूत्र रूढ झाले आणि त्यात बौद्ध लेणीही कोंबली गेली. हे आम्हास मान्य नाही.

वेरूळचे पंधरावे लेणे पाहावे. त्याची मूळ आखणी बौद्ध विहाराची असावी, असे अभ्यासकांचे मत आहे. या एकाच लेण्यात नृत्यमग्न शिव आहे, आदिअंत न सापडणाऱ्या स्तंभातून प्रकटणारा शिव आहे आणि पाय उंच उचललेला त्रिविक्रमही आहे. शिल्पकाराचा हात निःसंशय समर्थ आहे. मात्र असीमता येथे दिसते कशी? दुसऱ्यास लहान करून. ब्रह्मा आणि विष्णू हरतात, म्हणून स्तंभ अनंत ठरतो. बळीची भूमी जाते, म्हणून त्रिविक्रम विश्वव्यापी ठरतो. महात्मा फुले यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त ही कथा बळीच्या बाजूने वाचली. सौंदर्यशास्त्र्यांनी ते वाचन क्वचितच मनावर घेतले. ज्याची जमीन गेली, त्याच्या लेखी तीन पावलांत विश्व व्यापणे हा असीमाचा साक्षात्कार नसून बेदखली असते.

पालि वाङ्मयात अशाच अफाट पावलाची एक निराळी कथा आहे. रोहितस्स नावाच्या ऋषीचे एक पाऊल पूर्वसमुद्रापासून पश्चिमसमुद्रापर्यंत पडत असे. लोकाचा अंत गाठण्यासाठी तो शंभर वर्षे चालला आणि वाटेतच मेला. तथागत त्याला सांगतात की, चालून तो अंत सापडत नाही. तो याच वावभर देहात, संज्ञा आणि मन असलेल्या देहात शोधावयाचा आहे. लोक सान्त की अनंत, हा प्रश्न तर त्यांनी अव्याकृतच ठेवला. ध्यानमार्गात 'आकासानञ्चायतन', म्हणजे अनंत आकाशाची अवस्था येते, हे खरे. परंतु तीही घडविलेली, म्हणून अनित्य. तो मुक्काम आहे, गाव नव्हे.

मग बुद्धधम्मात अमर्याद काय आहे? मेत्ता, करुणा, मुदिता, उपेक्खा. या चौघींना 'अप्पमञ्ञा' म्हणतात : ज्यांना प्रमाण नाही, माप नाही. तराजूवर दिवस काढणाऱ्या हुपरीकरांना हा शब्द फोडून सांगावा लागू नये. येथे अमर्यादता आकारात नाही, सीमा न आखण्यात आहे. आणि सीमा म्हणजे काय, हे गावकुसाबाहेर राहिलेल्या समाजास ग्रंथांतून शिकावे लागत नाही. डॉ. बाबासाहेबांनी प्रेमाहून मैत्री व्यापक मानली, ती याच अर्थाने.

यावर आक्षेप येईल की, अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्याच्या भिंती बुद्धप्रतिमांच्या रांगांनी भरल्या आहेत, हाही अनंताचाच सोस नव्हे काय? काही अंशी आहे. महायानाच्या काळात संख्येचा मोह वाढला, हे मान्य करावे. तरीही त्या रांगांत एक प्रतिमा दुसरीला गिळत नाही. सव्विसाव्या लेण्यातील सुमारे ७ मीटर लांबीची मूर्ती भव्य खरीच, पण ती महापरिनिर्वाणाची आहे. एवढा प्रचंड आकार शिल्पकाराने मर्त्य माणसाच्या अंतासाठी वापरला, याचा विचार आमच्या मूर्तिसमित्यांनी जरूर करावा.

नृत्याचे म्हणाल, तर औरंगाबादच्या सातव्या लेण्यातील गाभाऱ्यात एक नर्तकी आणि तिच्याभोवती बसलेल्या सहा वादिका कोरल्या आहेत. जवळच बुद्धमूर्ती आहे. येथे प्रलय नाही, पायाखाली चिरडलेला कोणी नाही. सात स्त्रिया एकमेकींचा ताल ऐकत आहेत, इतकेच. आम्हास हे शिल्प वेरूळच्या नृत्यापेक्षा अधिक मोकळे वाटते. ज्यांना तसे वाटत नाही, त्यांनी ते एकदा सकाळच्या उजेडात पाहावे.

त्या बैठकीत उंची ठरली नाही. पैंजणांच्या साखळ्या जोडण्याचे काम करणाऱ्या एका वृद्ध उपासिकेने एवढेच विचारले की, पंधरा फुटांची मूर्ती बसविल्यावर वंदनेला बसायला जागा किती उरेल? तेव्हा आराखडा आणणाऱ्या तरुणाने खिशातून फीत काढली आणि तो जमीन मोजू लागला.