खिशातले पान

विज्ञानकथा वर्गात सांगितली, तर मुले कल्पनेलाच विज्ञान समजतील का? सोलापुरातील शिक्षकमित्र आम्हाला हे नेहमी विचारतात. डॉ. जयंत नारळीकरांच्या (१९३८–२०२५) कथांवरून उत्तर शोधू.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली. आपल्या नावाचे दडपण परीक्षकांवर येऊ नये, हा हेतू. कथेला पहिले बक्षीस मिळाले. पुढे ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ अशी पुस्तके आली. २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा पाहा. १७६१ च्या लढाईत विश्वासरावांना लागलेली गोळी येथे हुकते आणि इतिहास बदलतो. त्या जगातून परतलेले पंत खिशातून ग्रंथाचे फाटलेले पान काढतात, तेव्हा मित्राला त्यांचे बोलणे केवळ कल्पना म्हणून सोडून देता येत नाही. दाव्यासाठी पुरावा हवा, हा विज्ञानाचा संस्कार येथे सहज होतो.

पुढे मात्र कथा अडखळते. पुंजवादाचे स्पष्टीकरण व्याख्यानासारखे होते, पात्रे मागे पडतात. शिवाय इलेक्ट्रॉनच्या वर्तनातील अनिश्चितता प्रयोगसिद्ध आहे. माणसाने दुसऱ्या जगात जाऊन येणे मात्र निव्वळ कल्पना आहे. कथा हे दोन्ही एकाच सुरात सांगते.

म्हणून कथा टाळू नये. वाचून झाल्यावर फळ्यावर दोन रकाने आखावेत : ‘सिद्ध झालेले’ आणि ‘मानलेले’. ते मुलांनीच भरावेत. वाद होईल, तो होऊ द्यावा.