ॲड_हेडर: नेमक्या वेळी गप्प बसणारा नियम

प्रयोगाचा डेटा ब्राउझरमध्ये दाखवायला तुम्ही पायथनचा छोटा सर्व्हर लिहिता आणि त्याच्यापुढे इंजिनएक्स प्रॉक्सी म्हणून लावता. एक दिवस कन्सोलवर लाल अक्षरांत कॉर्सची चूक येते. तुम्ही दोन दिवस त्या हेडरच्या मागे लागता. हेडरची ओळ बरोबरच असते. पडलेला असतो मागचा पायथन!

माझा पहिला आक्षेप इथेच आहे. 'ॲड_हेडर' हा नियम २००, २०४, ३०२, ३०४ अशा ठरावीक उत्तरांनाच हेडर जोडतो. ५०० किंवा ५०२ आलं की जोडत नाही. ब्राउझरला परवानगीचा हेडर दिसत नाही आणि तो कॉर्सच्या नावाने बोंब मारतो. सगळं सुरळीत असताना बरोबर आणि बिघडल्यावर दिशाभूल करणारं उपकरण तुम्ही प्रयोगशाळेत ठेवाल का? ओळीच्या शेवटी 'ऑलवेज' लिहिलं की प्रश्न सुटतो. ही सोय १.७.५ आवृत्तीपासून आहे. नियमाची बाजूही आहे: 'कॅश-कंट्रोल' चुकीच्या पानाला चिकटला असता तर ते पानच साठून राहिलं असतं.

दुसरा आक्षेप वारशाचा. 'सर्व्हर' विभागात पाच हेडर लिहिलेत आणि 'लोकेशन'मध्ये एकच नवा, तर त्या ठिकाणी वरचे पाचही जातात. म्हणजे टेंभूचं पाणी शेतात येतंय, तुम्ही बांधावर एक छोटी मोटर बसवलीत, आणि कालव्याचं पाणी पूर्ण बंद. कडेगावात हे कुणाला पटेल? दस्तऐवजात हा नियम स्पष्ट लिहिलाय, पण कॉन्फिगची चाचणी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. १.२९.३ मध्ये 'ॲड_हेडर_इनहेरिट' आला, त्यात वरचे-खालचे हेडर एकत्र करता येतात. तक्रार रास्त होती, एवढं त्यावरून कळतं.

मग शोधायचं कसं? आधी मागच्या सर्व्हरला कर्लने थेट विचारा, मग प्रॉक्सीमार्फत. दोन्ही उत्तरांचे हेडर शेजारी ठेवा. एकच हेडर दोनदा दिसला तर दोघंही तो जोडतायत; ॲड_हेडर जुना बदलत नाही, म्हणून मागचा 'प्रॉक्सी_हाइड_हेडर'ने काढा. शेवटी मागचा सर्व्हर मुद्दाम बंद करून ५०२ सुद्धा बघा. आणि एका वेळी एकच ओळ बदला. दोन बदललीत, तर कशाने सुटलं हे कळणारच नाही.