सर्व्हरचा पाटील कोण?

विकेंद्रीकरण हा शब्द कानावर पडला की आपल्याकडील पुरोगामी माणसाला बरे वाटते. सत्ता एका जागी साठली की माजते, वाटली की माणसे मोकळी होतात, असा त्याचा समज असतो. दलित वाचकाने मात्र हा शब्द ऐकताच थोडे थांबावे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी ग्रामप्रजासत्ताकाचे गोडवे गाणाऱ्यांना काय उत्तर दिले, ते आपल्याला ठाऊक आहे. इतरांना जेथे लोकशाहीचे मूळ दिसत होते, तेथे त्यांना संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता दिसली. म्हणूनच मसुद्याने खेडे बाजूला ठेवून व्यक्ती हा घटक मानला, याचे त्यांना समाधान होते. खाजगी निरोपांच्या ॲप्सबद्दल गेली काही वर्षे जो वाद चालू आहे, तो याच निकषावर तपासला पाहिजे.

वादाची एक बाजू सिग्नल या ॲपचे जनक मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी मे २०१६ मधील एका निबंधात मांडली. त्यांचे म्हणणे असे की, अनेकांच्या मालकीचे अनेक सर्व्हर एकमेकांशी बोलू लागले की त्या व्यवस्थेत बदल करणे दुरापास्त होते. एखादी सुधारणा करायची तर सगळ्यांनी एकाच वेळी राजी व्हावे लागते. ई-मेल हे त्यांचे उदाहरण. ते कोणा एकाचे नाही, आणि म्हणूनच इतकी वर्षे उलटली तरी सामान्य माणसाचे ई-मेल आजही बंद पाकिटासारखे झालेले नाही. उलट व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये एका निर्णयाने जगभरच्या आपल्या सर्व वापरकर्त्यांचे निरोप कुलूपबंद केले. ते करू शकले, कारण केंद्र एक होते.

दुसरी बाजू मॅट्रिक्स या विकेंद्रित व्यवस्थेचे मॅथ्यू हॉजसन यांनी जानेवारी २०२० मध्ये मांडली. गुप्तता मिळाली म्हणजे स्वातंत्र्य मिळाले असे नव्हे, हा त्यांचा मुद्दा. आपले निरोप कोणाच्या यंत्रावर राहावेत हे ज्याचे त्याने ठरवावे. मालक एकच असेल तर त्याची लहर हाच कायदा होतो.

दोन्ही लेखक प्रामाणिक आहेत. परंतु दोघांच्याही डोळ्यांसमोरचा माणूस एकच आहे: ज्याच्याकडे चांगला फोन आहे, वेळ आहे आणि ज्याला निवड करता येते असा. आमचा माणूस तेथे नाही.

माझी आजी निरक्षर होती. मुंबईहून चुलत्याचे आंतरदेशीय पत्र आले की ते वाचून घेण्यासाठी तिला गावातल्या एका गृहस्थाच्या ओट्याखाली उभे राहावे लागे. पत्र चिकटवलेले असे, टपाल खातेही चोख होते. तरी मनीऑर्डर किती रुपयांची येणार, हे संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला कळलेले असे. मुंबईपासून गावापर्यंत पत्र सुरक्षित होते; शेवटच्या ओट्यावर ते फुटत होते.

हा ओटा आजही मोडलेला नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या वसतिगृहातील मुलांनी रखडलेल्या शिष्यवृत्तीबद्दल बोलण्यासाठी फोनवर एक गट केला. त्यातल्याच कोणी तरी एका मुलीच्या मजकुराचे छायाचित्र कार्यालयात पोचवले. त्यावर तिचा नंबर होता. घरी फोन गेले. मुलगी गटातून बाहेर पडली आणि तक्रार तशीच राहिली. येथे कुलूप कोणी फोडले नव्हते. नंतर मुले मला विचारू लागली, "सर, आम्ही बोलायचे कुठे?" पुण्यात नोकरीला लागलेला एक माजी विद्यार्थी म्हणाला, "मॅट्रिक्सचा आपलाच सर्व्हर टाकू. आपले राज्य." मुलांना ते आवडले. मला 'आपले' या शब्दाची भीती वाटली.

कारण सर्व्हर चालवणारा माणूस हा त्या लहान गावाचा पाटील असतो. निरोपातला मजकूर कुलूपबंद असला, तरी कोण कोणत्या गटात आहे, केव्हा आले, केव्हा गेले, हे त्याला दिसू शकते. तो आज आपला आहे. उद्या त्याची बदली होईल, भांडण होईल, पोटजात आठवेल. शिवाय मॅट्रिक्समध्ये एका गटाची ही नोंद त्या गटातील प्रत्येकाच्या सर्व्हरवर जाते. म्हणजे एका पाटलाऐवजी अनेक पाटील. सिग्नलकडे मात्र २०१६ मध्ये अमेरिकेतील न्यायालयीन आदेशानुसार माहिती मागितली गेली, तेव्हा खाते केव्हा उघडले आणि शेवटचे केव्हा जोडले गेले, एवढेच त्यांना देता आले. जवळे नव्हतेच, तर देणार काय? येथे दूरचे केंद्र जवळच्या पाटलापेक्षा बरे ठरते. हॉजसन यांच्या मांडणीला हा धक्का आहे.

परंतु म्हणून मार्लिनस्पाइक यांचा विजय झाला असेही मानू नये. ॲप नकोसे झाले तर माणसे दुसरीकडे सहज जातील, कारण नंबरांची वही त्यांच्याच फोनमध्ये असते, असे ते म्हणतात. २ एप्रिल २०१८ चा भारत बंद आठवा. ॲट्रॉसिटी कायद्यावरील निकालाविरुद्धची हाक ज्या फोनांवरून वस्तीवस्तीत गेली, ती वस्ती आठ दिवसांत दुसरीकडे हलवता येत नाही. त्या दिवशी पंजाबात तर मोबाईल इंटरनेटच बंद होते. केंद्र विकलेही जाते. व्हॉट्सॲप २०१४ मध्ये फेसबुकच्या ताब्यात गेले. केंद्र कोसळतेही, २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनची यंत्रणा बिघडली तेव्हा सिग्नलही अडखळले. आणि सिग्नलचे खाते उघडायला फोन नंबर लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो इतरांपासून लपवता येतो, हे त्या मुलीसारखीच्या दृष्टीने मोठेच काम झाले. पण आपल्या देशात नंबर म्हणजे कागदपत्रांनी बांधलेली ओळख, हे विसरता येत नाही.

सरकारच्या हातापासून विकेंद्रीकरण वाचवील, हीही भाबडी आशा आहे. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने जी १४ ॲप्स बंद केली, त्यांत मॅट्रिक्सवर चालणारे एलिमेंट होते आणि मधल्या सर्व्हरशिवाय चालणारे ब्रायरही होते.

मग निवडायचे काय? बाबासाहेबांच्या त्याच भाषणात याचे उत्तर आहे. काळ आणि परिस्थिती पाहून एककेंद्री आणि संघीय अशी दोन्ही रूपे घेऊ शकेल, अशी घटना आपण मांडत आहोत, असे त्यांनी सांगितले होते. सत्ता कोठे आहे, एवढे पाहून भागत नाही. दुबळ्या माणसाला तिच्यापासून संरक्षण आहे काय, हे पाहावे लागते.

म्हणून मुलांना मी असे सांगितले. एकट्या माणसाची तक्रार, भीती, घरचे बोलणे सिग्नलवर करा आणि नंबर लपवा. संघटनेचे ठराव, पत्रके, हिशेब यांना मात्र स्वतःचे घर हवे. तेथे मॅट्रिक्सचा विचार करा. पण किल्ली एकाच्या हाती देऊ नका. खर्च कोण भरणार, हेही आधी लिहून काढा. १९२० साली 'केसरी'ने पैसे देऊनही 'मूकनायक'ची जाहिरात छापली नाही, म्हणून आपले पत्र हवे हे खरे. आणि ते 'मूकनायक' १९२३ मध्ये बंद पडले, हेही तितकेच खरे. आपोआप पुसल्या जाणाऱ्या निरोपांचा मोहही जपून धरा. धमकीचा निरोप पुसला गेला तर उद्या ॲट्रॉसिटीच्या खटल्यात पुढे ठेवायला काय राहील?

एवढे करूनही गटातलाच कोणी छायाचित्र काढून कार्यालयात नेणार असेल, तर जगातले कोणतेही कुलूप त्याला अडवणार नाही. त्याला आपणच अडवायचे आहे. त्या मुलीची तक्रार अजून लिहायची राहिली आहे.